पंचविसावा दरवाजा

पत्रे वाहून नेणे हे राजसत्तेचे काम आहे, ही समजूत आपल्याकडे इतकी मुरलेली आहे की तिच्यामागे कायद्याचे पाठबळ होते याचेही अनेकांना विस्मरण झाले असावे. परंतु १८९८ च्या भारतीय डाकघर अधिनियमाने, काही मोजके अपवाद वगळता, पत्रांच्या ने-आणीचा अनन्य अधिकार सरकारकडे राखून ठेवला होता, आणि २०२३ च्या नव्या कायद्याने ती तरतूद गाळली जाईपर्यंत एखाद्या गृहस्थाने आपल्या ओसरीवर स्वतंत्र डाकघर थाटणे, निदान कागदोपत्री तरी, अपराधात मोडले असते. ई-मेलचा इतिहास याच्या नेमका उलट क्रमाने घडला आहे. त्याच्या जन्मकाळी मक्तेदार कोणीच नव्हता, कोणालाही आपल्या यंत्रावर टपालखाना उघडण्याची पूर्ण मुभा होती; आणि कोणत्याही विधिमंडळाने कसलाही कायदा संमत न करता, केवळ वहिवाट बदलत गेल्यामुळे, पुढील तीन-चार दशकांत ती मुभा नावापुरती उरली. घरच्या इंटरनेट-जोडणीवर स्वतःचा ई-मेल सर्व्हर चालवण्याची हौस आज जिथे येऊन ठेपली आहे ती जागा समजून घ्यायची, तर यंत्रापेक्षा या वहिवाटीचीच हकीकत पाहणे अगत्याचे आहे.

१९७१ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात, केंब्रिज येथील बीबीएन या कंपनीत काम करणाऱ्या रे टॉमलिन्सन यांनी, शेजारी-शेजारी उभ्या असलेल्या पण अर्पानेटच्या जाळ्यावाचून अन्य कोणत्याही मार्गाने न जोडलेल्या दोन यंत्रांमध्ये निरोप पाठवून पाहिला, आणि व्यक्तीचे नाव व यंत्राचे नाव यांच्यामध्ये ‘ॲट’चे चिन्ह योजले. पत्र माणसाला जाते, परंतु ते एका विशिष्ट यंत्रावर जाते, एवढेच तो पत्ता सांगत होता. ते यंत्र कोणाच्या मालकीचे असावे याविषयी तो मौन पाळत होता. पुढे ऑगस्ट १९८२ मध्ये जॉन पोस्टेल यांनी ‘सिंपल मेल ट्रान्स्फर प्रोटोकॉल’ची संहिता प्रसिद्ध केली, तिच्यातही हे मौन कायम राहिले. पत्र आणणारे यंत्र दुसऱ्या यंत्राच्या पंचविसाव्या पोर्टवर येते, ‘हेलो’ म्हणून आपले नाव सांगते, पत्र कोणाचे व कोणासाठी ते निवेदन करते, मजकूर सोपवते आणि रजा घेते. सांगितलेल्या नावाची रुजवात घालण्याची सक्ती त्या संहितेत कोठेही नव्हती. कारण तिची रचना झाली तेव्हा जाळ्यावरील यंत्रे शेकड्यांत मोजण्याजोगी होती, आणि त्यांचे कारभारी बहुतांशी एकमेकांना नावानिशी ओळखत. आपल्या माणसाचे नसलेले पत्र हाती आले तर ते परत न फिरवता पुढे रवाना करणे हा त्यांच्यातील शिरस्ताच होता.

ज्यांना अर्पानेटची जोडणी दुर्लभ होती त्यांनी बेल प्रयोगशाळेत जन्मलेल्या यूयूसीपी पद्धतीने साधा दूरध्वनी वापरला. एक यंत्र दुसऱ्याला फोन करी, साठलेले टपाल त्याच्या स्वाधीन करी, ते तिसऱ्याला करी. आणि पत्त्यात मुक्कामांची संपूर्ण मालिका उद्गारचिन्हांनी जोडून लिहावी लागे. अशा नाना प्रकारच्या पत्त्यांचा गुंता सोडवण्यासाठी बर्कली येथे एरिक ऑलमन यांनी ‘सेंडमेल’ हा प्रोग्रॅम लिहिला, ज्याची नियमावली वाचताना पुढे कित्येक पिढ्यांच्या कारभाऱ्यांचे डोळे पांढरे झाले. १९८६ मध्ये डोमेनच्या नोंदीत ‘या नावाचे टपाल अमुक यंत्राकडे न्यावे’ असा स्वतंत्र दाखला घालण्याची सोय झाली, आणि नाव एकाचे व यंत्र दुसरीकडे ही व्यवस्था रूढ झाली. घरगुती सर्व्हरचा पाया, माझ्या मते, या शेवटच्या सोयीने घातला.

आपल्याकडे ही विद्या याच दूरध्वनीच्या वाटेने आली. १९८६ मध्ये आरंभलेल्या अर्नेट प्रकल्पात मुंबईच्या जुहू भागातील एनसीएसटी, पाच आयआयटी, बंगळूरची आयआयएससी आणि केंद्र सरकारचा इलेक्ट्रॉनिकी विभाग सामील होते, व प्रारंभी यूयूसीपीचे टपाल एवढीच काय ती सेवा उपलब्ध होती. जानेवारी १९९१ मध्ये दिल्ली आणि मुंबई यांच्यात ९.६ किलोबिटची पहिली भाडेपट्ट्याची वाहिनी आली, आणि १९९२ मध्ये एनसीएसटीहून अमेरिकेतील व्हर्जिनियापर्यंत ६४ किलोबिटची वाहिनी सुरू झाली. म्हणजे या सर्व संस्थांचा परदेशाशी होणारा व्यवहार ज्या वाटेने चाले ती आजच्या शंभर मेगाबिटच्या सामान्य घरगुती जोडणीच्या पंधराशेव्या हिश्शाहूनही अरुंद होती. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने इंटरनेट सर्वसामान्यांस खुले केले, तरी डायल-अपच्या ग्राहकाचे टपाल निगमाच्याच यंत्रावर साठे आणि तो फोन लावून ते पाहून येई. घरी सर्व्हर ठेवायचा तर घर चोवीस तास जाळ्यावर असावे लागते, आणि मिनिटागणिक दूरध्वनीचे बिल चढत असता ती चैन कोणाला परवडणार?

अमेरिकेत मात्र नव्वदच्या दशकात ती अनेकांना परवडू लागली होती. लिनक्समुळे जुन्या टाकाऊ संगणकाला युनिक्सचे सामर्थ्य आले. सेंडमेलच्या जोडीला केंब्रिज विद्यापीठातील फिलिप हेझल यांचे ‘एक्झिम’, डॅनियल बर्नस्टाइन यांचे ‘क्यूमेल’ आणि वीट्से वेनेमा यांचे ‘पोस्टफिक्स’ असे सुबक पर्याय एकापाठोपाठ आले. आणि सदैव चालू राहणारी डीएसएलची जोडणी घराघरांत पोचली. या हौसेला तत्त्वाचेही अधिष्ठान होते. अमेरिकेच्या १९८६ च्या एका कायद्यान्वये, सेवादात्याच्या यंत्रावर १८० दिवसांहून अधिक काळ राहिलेले पत्र सरकारला न्यायालयाच्या झडती-वॉरंटाशिवायही मागवता येत असे. तेच पत्र पत्रस्वामीच्या घरातील पेटीत असेल तर त्याला त्या देशाच्या राज्यघटनेचे संपूर्ण संरक्षण लाभे. आपले दप्तर आपल्या छपराखाली असावे, या आग्रहामागे केवळ यंत्रवेड होते असे म्हणणाऱ्याने हा भेद ध्यानी घ्यावा.

परंतु ज्या औदार्यावर ही सारी इमारत उभी होती त्याचा गैरफायदा घेणारेही याच काळात वाढले. ३ मे १९७८ रोजी डिजिटल इक्विपमेंट कंपनीच्या एका विक्रेत्याने अर्पानेटवरील सुमारे चारशे पत्त्यांवर जाहिरात पाठवली तेव्हा त्यास ताकीद देऊन प्रकरण मिटले होते. नव्वदच्या दशकातील स्पॅमवाल्यांना ताकीद देणार कोण? ते कोणत्याही उघड्या रिलेवर लक्षावधी पत्रे टाकत, आणि भोळा सर्व्हर ती जुन्या शिरस्त्याप्रमाणे रवाना करी. १९९७ मध्ये पॉल विक्सी यांनी उपद्रवी पत्त्यांची काळी यादी सिद्ध केली आणि पुढे ती डोमेन-नावांच्या यंत्रणेतूनच विचारता येईल अशी युक्ती निघाली: पत्र आणणाऱ्या यंत्राच्या आयपी पत्त्याचे चार आकडे उलट क्रमाने लिहून विचारणा करावी, आणि १२७.०.०.२ असे उत्तर आले तर दार लावून घ्यावे. १९९८ मध्ये सेंडमेलच्या ८.९ आवृत्तीने परक्याचे पत्र पुढे नेणे मुळातच बंद ठेवले. सोळा-सतरा वर्षांचा शेजारधर्म असा एका आवृत्तीत संपला.

या संक्रमणाचे सर्वांत बोलके उदाहरण सॅन फ्रान्सिस्कोच्या जॉन गिलमोर यांचे. १९९० मध्ये स्थापन झालेल्या इलेक्ट्रॉनिक फ्रंटिअर फाउंडेशनचे ते एक संस्थापक, आणि त्यांचे ‘टोड डॉट कॉम’ हे डोमेन ऑगस्ट १९८७ मधील, म्हणजे डॉट कॉमच्या पहिल्या शंभरांतील. त्यांनी आपला सर्व्हर हेतुपुरस्सर उघडा ठेवला होता: प्रवासात असलेल्या मित्रांना पत्र पाठवता यावे म्हणून, आणि दुसऱ्याचे पत्र नेण्यास प्रतिबंध करणे ही मुस्कटदाबी आहे असे त्यांचे मत होते म्हणूनही. आपल्या सर्व्हरची घडण अशी आहे की स्पॅमवाल्याला त्याचा काडीचा उपयोग नाही, ही त्यांची कैफियत होती. या शतकाच्या आरंभीच त्यांच्या सेवादात्या कंपनीने, करारातील अटींवर बोट ठेवून, त्यांच्यावर निर्बंध घातला; आणि दैवदुर्विलास असा की २००२ मध्ये फैलावलेल्या ‘याहा’ नावाच्या एका वर्मच्या पोटात, पत्रे पुढे ढकलण्यासाठी वापरावयाचा सर्व्हर म्हणून त्यांच्याच यंत्राचे नाव कोरलेले आढळले. गिलमोर यांचा युक्तिवाद तत्त्वतः खोडून काढणे सोपे नाही. तथापि ज्या वस्तीत प्रत्येकजण ओळखीचा होता तिचे नियम त्यांनी अनोळखी महानगरात चालवू पाहिले, आणि त्यात त्यांचा पराभव अटळ होता.

गिलमोर यांना त्यांच्या कृतीबद्दल जाब विचारला गेला, ही तरी एक प्रतिष्ठा होती. सामान्य गृहस्थाला पुढे जे सोसावे लागले त्यात कृतीचा प्रश्नच उरला नाही. पेशवाईच्या महसुली दप्तरांत रयतेचे दोन वर्ग आढळतात: सारा भरत राहील तोवर ज्याला जमिनीवरून उठवता येत नसे असा वंशपरंपरेचा मिरासदार, आणि मुदतीच्या कौलावर जमीन कसणारा, गावकीत ज्याच्या शब्दाला वजन नसे असा उपरी. जाळ्यावरही कायमचा आयपी पत्ता असलेल्या संस्था आणि आज एक, उद्या दुसरा असा फिरता पत्ता मिळणारे घरगुती ग्राहक असे दोन वर्ग पडले होतेच. नव्वदच्या दशकाअखेरीस डायल-अप ग्राहकांच्या पत्त्यांची स्वतंत्र यादी निघाली, आणि त्या यादीतून आलेले पत्र, त्यात काय आहे हे न पाहता, नाकारावे असा प्रघात पडला. २००३ च्या ऑगस्टमध्ये ‘सोबिग’ वर्मने असंख्य घरगुती संगणक मालकांच्या नकळत स्पॅमचे कारखाने बनवले, तेव्हा या प्रघाताला सबळ कारणही मिळाले. सेवादात्यांनी ग्राहकांच्या पंचविसाव्या पोर्टवरून बाहेर जाणारी वाट बुजवण्यास सुरुवात केली. आणि २००७ च्या जानेवारीत ‘स्पॅमहाउस’ या संस्थेने जी नवी फेरिस्त सुरू केली तिच्यात सेवादाते स्वतःच आपल्या घरगुती ग्राहकांचे पत्ते नोंदवू लागले. ही यादी अपराध्यांची नव्हे, थेट पत्र पाठवण्याचे ज्यांना प्रयोजन नाही अशांची आहे, असा खुलासा ती यादी आवर्जून करते. व्यवहारात त्याचा अर्थ एवढाच होतो की उपऱ्याच्या हातचे पत्र वेशीवरूनच परत फिरावे.

येथून पुढे कागदपत्रांचे युग सुरू झाले. पत्ता उलट विचारला असता तेच नाव निघाले पाहिजे. अमुक यंत्रालाच या नावाने लिहिण्याचा अधिकार आहे असा एसपीएफचा दाखला हवा. प्रत्येक पत्रावर डीकेआयएमचे मोर्तब हवे. आणि ही दोन्ही जुळली नाहीत तर काय करावे हे सांगणारा डीमार्कचा हुकूमही हवा. यांतील प्रत्येक गोष्ट कोणत्याही चिकाटीच्या माणसाला एका रविवारी साधता येते, आणि प्रत्येकीच्या मागे विचार आहे. परंतु १ एप्रिल २००४ रोजी एक गिगाबाइटची जागा फुकट देत जीमेल अवतरले, आणि बहुसंख्य पत्रांचा शेवटचा मुक्काम हळूहळू दोन-तीन कंपन्यांच्या यंत्रांवर एकवटला; तेव्हा कागद पुरे असूनही ‘पत’ नाही या सबबीवर पत्र स्पॅमच्या ढिगात पडू लागले. पत वाढते ती सतत व पुष्कळ पत्रे पाठवल्याने, आणि आठवड्याला दहा पत्रे लिहिणाऱ्या गृहस्थाला ती वाढवण्याचा मार्गच नसतो. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू यांनी घाऊक पत्रे धाडणाऱ्यांवर कडक अटी घातल्या, त्याच वेळी लहानमोठ्या सर्वांकडे एसपीएफ किंवा डीकेआयएम आणि उलटसुलट जुळणारे नाव मागितले. मोठ्या घाऊक जाहिरातदाराला ते जड गेले नाही.

मध्यंतरी घरगुती सर्व्हर एकदाच जगभरच्या वृत्तपत्रांच्या पहिल्या पानावर झळकला. हिलरी क्लिंटन परराष्ट्रमंत्री असताना सरकारी पत्रव्यवहार न्यूयॉर्क राज्यातील चॅपाक्वा येथील घरी ठेवलेल्या सर्व्हरवरून करीत होत्या, हे मार्च २०१५ मध्ये उघडकीस आले. तो वाद सरकारी दप्तर कोणाच्या ताब्यात असावे याचा होता. हौशी मंडळींच्या कामाशी त्याचा संबंध नावापुरताच होता, पण त्यांच्या छंदाला मात्र उगाच संशयाचा वास चिकटला.

महाराष्ट्रातील हौशी माणसाच्या वाटेला आणखी एक विघ्न आले. बत्तीस बिटांच्या आयपी पत्त्यांची एकूण संख्या सुमारे ४२९ कोटी, आणि आशिया-पॅसिफिक विभागाची मुक्त वाटपाची शिल्लक एप्रिल २०११ मध्ये सरली. तेव्हापासून अनेक सेवादाते शेकडो घरांना मिळून एकच जाहीर पत्ता देतात. अशा घराला बाहेरून हाक मारता येत नाही, आणि स्टॅटिक आयपीसाठी निराळे पैसे मोजावे लागतात. ज्याने ते मोजले त्याला मात्र जुन्या संहितेचा चांगुलपणा अजून अनुभवता येतो. समोरचे यंत्र बंद आढळले तर पाठवणाऱ्याने चार-पाच दिवस तरी पुनःपुन्हा प्रयत्न करावा, अशी तिची शिकवण असल्यामुळे, भारनियमनात दुपारभर वीज गेली तरी येणारे पत्र हरवत नाही, संध्याकाळी दाखल होते. येणाऱ्या टपालाला आजही कोणी पतीचा दाखला मागत नाही.

अडचण सारी जाणाऱ्या टपालाची. म्हणून बहुतेकांनी तडजोड पत्करली आहे: पत्रे येतात ती थेट घरी, जातात ती एखाद्या डेटा सेंटरमध्ये महिन्याच्या भाड्याने घेतलेल्या छोट्या यंत्रामार्फत, ज्याला घरचा सर्व्हर पंचविसाव्या पोर्टऐवजी पाचशे सत्त्याऐंशीव्या पोर्टवरून ओळख पटवून टपाल सोपवतो. त्या भाड्याच्या पत्त्यावरही पूर्वीच्या भाडेकरूचे पाप कधीकधी नोंदलेले असते. सबब जाणकार मंडळी यंत्र हाती येताच प्रथम चार-सहा काळ्या याद्या तपासतात, आणि पत्ता डागाळलेला निघाला तर यंत्र परत करून दुसरे मागतात.