सेंद्रिय धान्याची खूण : धाराशिवच्या एका एकराची गोष्ट

आजचा विषय आपल्या रोजच्या ताटाचा आहे. ‘सेंद्रिय’ हा शब्द आता दुकानाच्या पाटीवर, डाळीच्या पाकिटावर आणि भाजीच्या गाड्यावरही दिसतो. त्या शब्दाचे चार पैसे जास्तही मोजावे लागतात. हा शब्द आला कुठून, धाराशिव जिल्ह्यात त्याचं काय झालं आणि खरेदी करताना त्यावर किती विसंबायचं, हे क्रमानं बघू.

आपण सहज म्हणतो, आजोबांच्या काळी सगळं सेंद्रियच होतं. खतं-औषधं नव्हती, हे खरं. पण तेव्हा ‘सेंद्रिय’ म्हणायची गरजच नव्हती, कारण धान्य कुठल्या रानातलं हे खाणाऱ्याला ठाऊक असायचं. ज्वारीत तुरीचे पाटे असत, बांधाला माळवं असे, धान्य पेवात राही. येळवशीला आपण रानात बसून जी भज्जी खातो, तिच्यात इतक्या शेंगा-डाळी का पडतात? एकाच रानात तेवढी पिकं निघत, म्हणून. मात्र त्या शेतीनं पोट नेहमीच भरलं असंही नाही. १९७२ च्या दुष्काळात रेशनवरची लाल मिलो खाल्लेली माणसं आजही गावोगाव आहेत. म्हणून जुनं ते सगळं सोनं, असं आपण म्हणणार नाही.

आता शब्दाकडे येऊ. १९२४ ते १९३१ या काळात अल्बर्ट हॉवर्ड इंदूरला काम करत होते. काडीकचरा, शेण आणि माती थरावर थर रचून खत करण्याची पद्धत त्यांनी तिथं बसवली. १९३१ साली यशवंत वाड या सहकाऱ्याबरोबर त्यांनी त्यावर पुस्तक लिहिलं. इंग्लंडमध्ये लॉर्ड नॉर्थबोर्न यांनी १९४० साली ‘ऑरगॅनिक’ शेती हा शब्द पुस्तकात वापरला. म्हणजे आपल्या उकिरड्याची विद्या शास्त्र होऊन जगभर गेली.

आपल्याकडे मात्र वारं उलट्या दिशेनं वाहत होतं. १९६४ साली सीएसएच-१ ही ज्वारीची पहिली संकरित जात आली. लोकांच्या तोंडी ती ‘हायब्रीड’. भुकेच्या काळात तिची गरज होती, हे नाकारता येत नाही. पुढे ऊस आला, सोयाबीन आलं. सोयाबीनचं वैशिष्ट्य काय, तर ते रानभर असतं, पण ताटात जवळजवळ नसतं. शेत आणि ताट यांची फारकत झाली ती इथं. शेतकऱ्याच्या घरी भाजी आठवडी बाजारातून येऊ लागली.

ही फारकत सगळ्यात आधी कुणाला जाणवली? घरातल्या बाईला. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर उमरगा-लोहारा भागात पुनर्वसनाचं मोठं काम झालं. त्या कामातून वाढलेली एक संस्था म्हणजे प्रेमा गोपालन यांची स्वयं शिक्षण प्रयोग. २०१२ नंतर दुष्काळाची वर्षं लागोपाठ आली, नगदी पीक गेलं, तेव्हा या संस्थेशी जोडलेल्या बायकांनी घरात एक मागणी मांडली : आम्हाला अर्धा-एक एकर द्या, तिथं काय पेरायचं ते आम्ही ठरवू. सातबारा बहुधा नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावर. तेव्हा ही मागणी साधी नव्हती. त्या तुकड्यावर ज्वारी, डाळी, माळवं असं मिश्र पीक आलं. शेणखत, गांडूळखत, निंबोळी अर्क घरचाच. आधी घरचं ताट, उरलं तर बाजार, हा हिशेब. या कामाची दखल घेऊन २०१७ साली संस्थेला संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला.

आता शहरातल्या ग्राहकाचं बघा. त्याला ते रान दिसत नाही. माल दूर जाऊ लागला, तशी शिक्क्याची गरज पडली. निर्यात डोळ्यांपुढे ठेवून २००१ साली राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रम सुरू झाला. त्यात बाहेरची यंत्रणा तपासणी करते. ते लहान शेतकऱ्याला महाग पडतं. म्हणून पीजीएस-इंडिया ही दुसरी पद्धत आली. तिच्यात किमान पाच शेतकऱ्यांचा गट एकमेकांची शेतं तपासतो. २०१७ साली अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे नियम आले आणि ‘जैविक भारत’ हे चिन्ह आलं.

मग खरेदी कशी करायची? पाकीटबंद माल असेल, तर ‘इंडिया ऑरगॅनिक’ किंवा पीजीएस-इंडियाची खूण आहे का ते बघा. ‘पीजीएस-इंडिया ग्रीन’ लिहिलं असेल, तर ती जमीन अजून सेंद्रिय होण्याच्या वाटेवर आहे असं समजा. ‘नॅचरल’, ‘गावरान’, ‘केमिकल-फ्री’ हे नुसते शब्द आहेत, प्रमाणपत्र नव्हे.

आठवडी बाजारात स्वतः पिकवून थेट विकणाऱ्या लहान शेतकऱ्याला प्रमाणपत्राची सक्ती नाही. तिथं शिक्का मागण्यापेक्षा बोला. गाव कोणतं? मावशी, तुरीला अळी पडली तेव्हा काय फवारलं? शेजारच्या रानातलं औषध वाऱ्यानं येतं का? रान बघायला आलो तर चालेल का? पिकवणारा माणूस या प्रश्नांना अडखळत नाही. नुसता विकणारा अडखळतो. आणि भाजी किडकी आहे म्हणजे सेंद्रिय आहे, असं मुळीच नाही. सेंद्रिय म्हणजे फवारणीच नाही, असंही नाही. निंबोळी अर्क हीसुद्धा फवारणीच.

एक प्रश्न मात्र सगळ्यांत महत्त्वाचा : हेच तुमच्या घरी खाता का? धाराशिवच्या त्या एका एकराची सुरुवात याच प्रश्नापासून झाली. जास्तीचे चार पैसे पाकिटावरच्या शब्दाला गेले, तर तो एकर पुन्हा सोयाबीनखाली जायला वेळ लागणार नाही. पिकवणाऱ्या बाईच्या हातात पडले, तर टिकेल. ते पैसे कुणाकडे जावेत, एवढं तरी बाजारात आपल्या हाती आहे.

आज इथं थांबू.