लघुप्रतिकृती वाफेच्या इंजिनाचा सांगाडा : हौशी कारागिरीच्या इतिहासातील एक दुर्लक्षित अंग

वाफेच्या इंजिनांच्या लघुप्रतिकृतींचा इतिहास सांगताना बॉयलरला जेवढी जागा दिली जाते, तेवढी सांगाड्याला मिळत नाही. बॉयलरवरून वाद झडले, तट पडले. सांगाड्याबाबत तसे काही न घडल्याने तो मागे राहिला. वस्तुतः विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्लंडमधील सामान्य उत्पन्नाचा मनुष्य घराच्या मागील खोलीत कोळशावर चालणारे इंजिन उभे करू लागला, या घटनेचा उलगडा सांगाडा घडविण्याच्या रीतीतून अधिक चांगला होतो. प्रस्तुत लेखात त्या रीतीचा विचार केला आहे.

पर्सिव्हल मार्शल यांनी जानेवारी 1898 मध्ये ‘द मॉडेल इंजिनिअर अँड अमॅच्युअर इलेक्ट्रिशियन’ हे नियतकालिक सुरू केले. त्याच वर्षी लंडनमध्ये हौशी कारागिरांची संस्था स्थापन झाली. 1899 मध्ये नॉर्दम्प्टनच्या बॅसेट-लोक यांनी प्रतिकृतींचा व्यापार आरंभिला. हेन्री ग्रीनली हे त्यांच्यासाठी आराखडे करीत. या व्यवसायातील तयार इंजिने श्रीमंतांनाच परवडत. इतरांनी ओतीव भाग विकत आणून घरी जुळणी करावी, अशी सोय होती.

पुढे लहान मापाच्या इंजिनात स्पिरिटचे बॉयलर बरे की खऱ्या इंजिनासारखे कोळशाचे, हा वाद 1920 नंतरच्या दशकात पेटला. ‘एल.बी.एस.सी.’ या टोपणनावाने लिहिणाऱ्या लॉरेन्स यांनी अडीच इंची रुळांवरील आपल्या ‘आयेशा’ या कोळशाच्या इंजिनाकडून मोठ्या माणसाला ओढून दाखविले. टोपणनावातील अक्षरे ते एकेकाळी ज्या रेल्वेत कामाला होते तिचीच होत. हा विजय बॉयलरचा मानला जातो. परंतु इंजिन माणसाला ओढू लागताच त्याचा सांगाडा शोभेचा राहत नाही, याकडे फारसे लक्ष गेले नाही. एक इंच व्यासाच्या सिलिंडरमध्ये चौरस इंचास 80 पौंड दाब असल्यास दट्ट्यावर सुमारे 63 पौंडांचा रेटा येतो. तो कधी डावीकडून, कधी उजवीकडून, मिनिटाला शेकडो वेळा. सांगाडा किंचित जरी लवला तरी आस तिरके होतात आणि चाके आवळली जातात.

मूळ इंजिनांत सांगाड्याचे अनेक प्रकार होऊन गेले. 1830 च्या ‘प्लॅनेट’ इंजिनात लाकडी तुळयांना लोखंडी पत्र्यांचे अस्तर होते. एडवर्ड बरी यांनी लोखंडी दांड्यांचा सांगाडा वापरला, आणि तो प्रकार अमेरिकेत रुजला. ब्रिटनमध्ये शेवटी सलग पट्ट्यांचा सांगाडा रूढ झाला. ही गोष्ट हौशी कारागिराच्या पथ्यावर पडली, कारण दांड्यांच्या सांगाड्यापेक्षा सपाट पट्टी हातकरवतीने कापणे केव्हाही सोपे. मात्र येथे प्रमाणाचा हिशेब सरळ चालत नाही. साडेतीन इंची रुळांसाठी मूळ इंजिनाचा सोळावा भाग हे प्रमाण धरतात. मूळ पट्टी साधारण एक ते सव्वा इंच जाडीची असे. त्या हिशेबाने प्रतिकृतीत ती इंचाच्या बाराव्या भागाइतकीही जाड भरत नाही. प्रत्यक्षात मात्र अष्टमांश इंचाची पट्टी वापरतात.

घडणीची रीत पुढीलप्रमाणे रूढ झाली. माइल्ड स्टीलच्या पट्टीची एक कड कानशीने सरळ करून तीच सर्व मापांचा आधार मानायची. घासून लखलखीत केलेल्या पृष्ठावर मोरचुदाचे पाणी फिरविले की तांब्याचा पातळ थर बसतो व त्यावर ओढलेली रेघ स्पष्ट दिसते. आखणी एकाच पट्टीवर करायची. दुसरी पट्टी तिला तात्पुरत्या रिव्हेटांनी जखडून दोन्हींना एकत्र छिद्रे पाडायची, एकत्र कापायचे, एकत्र कानसायचे. आसांसाठीच्या खाचांच्या कडेने छिद्रांची रांग पाडून मधला तुकडा काढून टाकायचा आणि राहिलेले दाते कानशीने उतरवायचे. एखादी खाच केसभर सरकली तरी ती दोन्ही बाजूंना सारखीच सरकते, त्यामुळे आस काटकोनातच राहतो. चाकांना जोडणाऱ्या दांड्यांची छिद्रेही पुष्कळदा मोजून न पाडता आसपेट्यांवरूनच उतरवून घेतात. म्हणजे चूक नाहीशी होत नाही. ती सर्व भागांत समान वाटली जाते. महागडी मोजमापाची साधने नसलेल्या माणसाला अचूक काम साधले ते या युक्तीमुळे. या छंदातील खरे संशोधन कोणते, असा प्रश्न असेल तर उत्तर बॉयलरपेक्षा येथे शोधणे योग्य ठरेल.

आसपेट्यांना आधार देणारे हॉर्नब्लॉक मात्र बहुधा ओतीवच असत. त्यांसाठी लाकडी फर्मा आणि ओतशाळा लागे, म्हणजेच विक्रेत्यावर अवलंबून राहणे आले. याला पर्याय म्हणून पट्टी आणि अँगल यांचे तुकडे रिव्हेट करून किंवा चांदीमिश्रित डाख देऊन तोच भाग जोडकामाने उभा करता येतो. ओतीव भागात आतील पोकळी कापेपर्यंत दिसत नाही. जोडीव भागात सांधे डोळ्यांसमोर असतात. उलट तापविल्यावर पट्टी वाकण्याची भीती राहते, म्हणून डाख दिल्यानंतरच अंतिम माप साधावे लागते. दोन्ही पट्ट्या आडव्या तुळयांना बसविताना संपूर्ण सांगाडा जाड काचेवर ठेवून तो डुलतो का हे पाहतात. कर्ण मोजून चौकोन तपासतात आणि मगच स्क्रू आवळतात.

अलीकडे लेझरने कापलेल्या पट्ट्या विकत मिळतात आणि करवतीचे कित्येक तासांचे काम वाचते. तरीही खाचांच्या कडा हातानेच साफ कराव्या लागतात, कारण लेझरच्या उष्णतेने कडेवर कडक थर येतो आणि नवी कानससुद्धा त्यावर लवकर बोथट होते.