ऑक्युपंट लोड : नाइटक्लब आणि फंक्शन हॉल

एखाद्या जागेत एका वेळी जास्तीत जास्त किती माणसे असतील असे धरून तिचे जिने, दरवाजे आणि बाहेर पडण्याचे मार्ग आखायचे, तो आकडा म्हणजे ऑक्युपंट लोड. जागेत किती माणसे मावतात हा मोजणीचा अर्धाच भाग आहे. आग लागल्यावर किती जण बाहेर पडू शकतात, हा दुसरा भाग, आणि दोन्ही उत्तरांपैकी लहान आकडा हीच त्या जागेची खरी मर्यादा.

पहिल्या भागात वापरातले क्षेत्रफळ माणशी लागणाऱ्या क्षेत्रफळाने भागतात. हा माणशी आकडा वापरावर ठरतो. भारताच्या राष्ट्रीय इमारत संहितेच्या 2005 च्या आवृत्तीत नाचाच्या जागेसाठी तो 0.6 चौरस मीटर आणि जेवणाच्या दालनासाठी 1.5 चौरस मीटर होता. अमेरिकेतल्या एनएफपीए या अग्निसुरक्षा संस्थेच्या 101 क्रमांकाच्या संहितेत खुर्च्या नसलेल्या दाट गर्दीला 0.65, टेबल-खुर्च्यांच्या मोकळ्या मांडणीला 1.4 आणि स्वयंपाकघराला 9.3 चौरस मीटर धरतात. खुर्च्या जमिनीला पक्क्या असतील तर सरळ खुर्च्याच मोजायच्या. अपूर्णांक आला तर तो वरच्या पूर्णांकात धरतात. वाढपी, आचारी, डीजे, सुरक्षारक्षक हेही मोजणीत येतात, कारण धूर पाहुणा आणि नोकर असा भेद करत नाही.

दुसरा भाग बाहेर पडण्याच्या मार्गांचा. भारताच्या राष्ट्रीय संहितेच्या 2016 च्या आवृत्तीप्रमाणे सभागृहाच्या जिन्याला माणशी 10 मिलिमीटर रुंदी लागते, तर दरवाजा किंवा सपाट मार्गाला 6.5 मिलिमीटर. म्हणजे 2 मीटर रुंदीच्या जिन्यावर 200 जणांचा हिशोब बसतो. कुलूप लावलेला दरवाजा किंवा स्पीकर रचून अडवलेला जिना या हिशोबात शून्य धरावा लागतो, मग मंजूर नकाशावर तो कितीही ठळक दिसो.

तेलंगणातल्या आदिलाबाद जिल्ह्यात या मोजणीची खरी कसोटी लागते ती फंक्शन हॉलमध्ये. जैनथ, बेला या पैनगंगेकाठच्या मंडलांतली मराठी कुटुंबे असोत की शहरातली, लग्न, वाढदिवस, स्वागत समारंभ तिथेच होतात, आणि जेवणावळ आटोपली की टेबले भिंतीकडे सरकवून डीजे सुरू होतो. पहिल्या मजल्यावरचा एक काल्पनिक हॉल घेऊ : नाचायला 120 चौरस मीटर, जेवणाला 210, स्वयंपाकघर 65. मांडणी जेवणाची असताना 120 भागिले 0.65 म्हणजे 185, 210 भागिले 1.4 म्हणजे 150, आणि स्वयंपाकघराचे 7, असे 342 जण. प्रत्येकी 2 मीटरचे दोन जिने 400 जणांना पुरतात, तेव्हा सगळे ठीक दिसते. टेबले हटली की 330 चौरस मीटरचा सगळा हॉल नाचाचा होतो आणि आकडा 515 वर जातो. जिने तेवढेच, 400 चे. म्हणून फलकावर 400 च लिहावे लागते. हॉल दिवसभरात जितक्या प्रकारे वापरला जाईल, त्यातल्या सर्वांत दाट वापराची मोजणी झाली पाहिजे. परवानगीच्या कागदावर फक्त जेवणाची मांडणी दाखवणे हा यातला सर्वांत धोकादायक प्रकार आहे.

जिने सारख्या रुंदीचे असले तरी गर्दी त्यांत समान वाटली जात नाही. माणूस आला त्याच दाराकडे धावतो. 28 नोव्हेंबर 1942 रोजी बॉस्टनच्या कोकोनट ग्रोव्ह नाइटक्लबला आग लागली तेव्हा परवानगीच्या जवळपास दुप्पट माणसे आत होती, दर्शनी फिरता दरवाजा अडकला आणि 492 जण गेले. 20 फेब्रुवारी 2003 रोजी अमेरिकेतल्या वेस्ट वॉरविकच्या नाइटक्लबमध्ये दर्शनी दरवाजाशीच माणसांचा ढीग साचला आणि 100 बळी गेले. त्यानंतर एनएफपीएने नाइटक्लबच्या मुख्य प्रवेशमार्गाने एकूण भाराच्या दोन तृतीयांश माणसांना पुरले पाहिजे, असा नियम केला. वरच्या हॉलमधल्या 400 जणांना तो लावला तर मुख्य जिन्यावर 267 जण येतात. भारतीय गुणकाने त्याला 2.67 मीटर रुंदी लागते, 2 मीटर पुरत नाही.

मुंबईत लोअर परळच्या कमला मिल आवारात 29 डिसेंबर 2017 रोजी मध्यरात्रीनंतर गच्चीवरच्या दोन उपाहारगृहांना आग लागून 14 जण गेले. जीव वाचवायला बरेच जण स्वच्छतागृहात शिरले होते आणि तिथेच गुदमरले. बाहेरचा मार्ग दिसेल असा नसला की रुंदीचा हिशोब फुकट जातो, हे तिथे कळले. डिसेंबर 2025 मध्ये गोव्यातील हडफडे येथील नाइटक्लबच्या आगीत 25 जण दगावले, त्यांत बहुसंख्य कर्मचारी होते, आणि बरेच जण तळघरात अडकले होते. तळघरातले स्वयंपाकघर मोजणीत वेगळे धरून त्याला स्वतःचा बाहेरचा मार्ग द्यावा लागतो, तो यासाठी.

राष्ट्रीय संहिता स्वतःहून बंधनकारक नसते. राज्याच्या नियमांत आली की होते. तेलंगणात 2012 चे इमारत नियम अग्निसुरक्षेसाठी तिचा आधार घेतात, आणि 2020 मध्ये बांधकाम परवान्यांसाठी टीएस-बीपास ही ऑनलाइन व्यवस्था आली. महाराष्ट्रात 2006 चा आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम लागू आहे. त्याप्रमाणे मालकाला उपाययोजना चालू स्थितीत असल्याचे प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैमध्ये द्यावे लागते.

फलकावरचा आकडा रात्री पाळायचा तर दारावर आत येणाऱ्यांची आणि बाहेर जाणाऱ्यांची वेगवेगळी नोंद ठेवावी लागते. तिकिटांची किंवा आमंत्रणांची संख्या त्यासाठी उपयोगी पडत नाही, कारण पाहुण्यांबरोबर मुले येतात आणि वाजंत्रीवाले तर यादीतच नसतात. एनएफपीए 250 माणसांमागे एक प्रशिक्षित गर्दी-व्यवस्थापक मागते. 400 च्या हॉलला असे दोघे हवेत, आणि मर्यादा गाठल्यावर प्रवेश थांबवण्याचा अधिकार त्यांच्याकडे असला पाहिजे.