दृष्टी आणि चार हात भूमी

धाराशिव जिल्ह्याच्या भूम तालुक्यातील कुंथलगिरी हे दिगंबर जैनांचे सिद्धक्षेत्र. आचार्य शांतिसागर महाराजांनी येथेच सल्लेखना स्वीकारून १८ सप्टेंबर १९५५ रोजी देह ठेवला. दृष्टी मंदावत चालली, हे त्या निश्चयामागील कारण होते. मुनीने पुढची चार हात भूमी निरखून पाऊल टाकावे व आहारही पाहून, शोधून घ्यावा, असा नियम. डोळाच साथ देईना, तर अहिंसा पाळावी कशी? त्यांच्या व्याधीचे निदान करणे हा आमचा विषय नव्हे. परंतु किती अंतरावरचे दिसते, या साध्या प्रश्नावर एखाद्याचे सारे व्रत अवलंबून असू शकते, हे त्या प्रसंगाने दाखविले. मोतीबिंदूच्या इतिहासातही हाच प्रश्न पुनःपुन्हा येतो.

मोतीबिंदू म्हणजे डोळ्यावर येणारा पडदा, अशी आपली समजूत. सुश्रुताची नजर अधिक सूक्ष्म होती. दोष दुसऱ्या पटलात शिरला असता दूरचे जवळ व जवळचे दूर भासते, आणि कितीही यत्न केला तरी सुईचे नेढे दिसत नाही, असे तिमिराचे लक्षण त्याने उत्तरतंत्रात नोंदविले आहे. प्रकाश असूनही अंतर बिघडते, ही गोष्ट त्याने हेरली होती.

आज तिची कारणे कळतात. भिंगाचा गाभा घट्ट व पिवळा होऊ लागला की त्याची शक्ती वाढते; दूरचे पुसट होते, पण जवळचे उजळते. सत्तरीची आजी अकस्मात चष्म्यावाचून पोथी वाचू लागते व घरची मंडळी ती देवाची कृपा मानतात; वस्तुतः बहुधा ती मोतीबिंदूची वर्दी असते. कडेकडून चाकाच्या आऱ्यांसारखे पांढरे पट्टे आत सरकले, तर किरण विखुरतात व रात्री दिव्यांभोवती झगमगाट दिसतो. भिंगाच्या मागच्या बाजूस डाग पडला, तर वाचताना व भर उन्हात त्रास अधिक; कारण बाहुली आकुंचित होते आणि तो डागच प्रकाशाच्या वाटेत येतो.

गढुळलेले भिंग हाच मोतीबिंदू, हे फ्रान्समध्ये ब्रिसो याने १७०५ साली मृताचा डोळा चिरून दाखविले. तोवर वैद्य सळईने ते भिंग खाली सारीत. १७४७ साली दाव्हिएल याने ते बाहेर काढले. दोहोंनीही प्रकाशाची वाट मोकळी झाली, परंतु किरण एकत्र आणणारे भिंगच जागेवर उरले नाही. रोग्यास जाड चष्म्यावाचून सारे धूसरच दिसे. ही उणीव लंडनच्या हॅरोल्ड रिडले यांनी १९४९ साली डोळ्यातच कृत्रिम भिंग बसवून भरून काढण्यास आरंभ केला.

तात्पर्य, उजेड दिसणे निराळे व वस्तू नीट दिसणे निराळे. घरातील वृद्धांस ‘दिसते का?’ एवढेच विचारून आपण थांबतो. सुईचे नेढे दिसते का, पोथी दिसते का, पुढची चार हात भूमी दिसते का, असे निरनिराळे विचारले पाहिजे.