पंतप्रधानपद : अधिकार किती आणि जाब कोणाला?

रेशनचे धान्य असो, घरकुल असो की मुलांची शिष्यवृत्ती, "हे पंतप्रधानांनी दिले" असे वाक्य आपल्या वस्त्यांतही सहज ऐकू येते. पक्ष बदलतो, माणूस बदलतो, वाक्य तेच राहते. आमच्या मते हे वाक्यच तपासले पाहिजे. संविधानातला पंतप्रधान हा दान देणारा राजा नाही. तो लोकसभेला उत्तर देण्यास बांधलेला मंत्री आहे. हे पद कोठून आले, त्याचे अधिकार काय, त्याला आवर कोण घालते आणि बाबासाहेबांनी त्याकडे कसे पाहिले, याची माहिती येथे एकत्र देत आहोत.

शब्द जुना, पद नवे

मराठीत 'पंतप्रधान' हा शब्द पेशवाईतून आला. शिवाजी महाराजांच्या अष्टप्रधान मंडळात पेशवा हा मुख्य प्रधान होता. तो छत्रपतींचा सेवक होता आणि त्याचे पद वंशपरंपरागत नव्हते. 1713 मध्ये बाळाजी विश्वनाथ पेशवे झाले. त्यांच्यानंतर हे पद एकाच घराण्यात राहिले आणि पुढे छत्रपती नावापुरते उरले. त्या पंतप्रधानाला निवडणारी जनता नव्हती आणि त्याला जाब विचारणारे सभागृहही नव्हते. त्या राजवटीत आपल्या पूर्वजांच्या वाट्याला काय आले, हे सांगण्याची गरज नाही. आज आपण तोच शब्द वापरतो, पण पद पूर्णपणे वेगळे आहे.

आजचे पद इंग्लंडमध्ये हळूहळू घडले. ते कोणत्याही कायद्याने निर्माण केले नव्हते. मंत्रिमंडळाच्या बैठकांना राजा येईनासा झाला आणि मंत्र्यांपैकीच एकाकडे नेतृत्व गेले. 1721 पासून सत्तेवर असलेल्या रॉबर्ट वॉलपोल यांना पहिले पंतप्रधान मानतात. त्या काळी हा शब्द टोमणा म्हणून वापरला जाई आणि वॉलपोल स्वतः तो नाकारत. 1742 मध्ये राजाची मर्जी त्यांच्यावर होती, तरी कॉमन्स सभागृहातील बहुमत हातून गेल्यामुळे त्यांना पायउतार व्हावे लागले. राजाची मर्जी पुरेशी नाही, सभागृहाचा विश्वास हवा, या तत्त्वाची सुरुवात अशी झाली. पुढे 1937 च्या कायद्याने ब्रिटिश पंतप्रधानाचा पगार ठरवून दिला. त्याच कायद्याने विरोधी पक्षनेत्यालाही सरकारी तिजोरीतून पगार मिळू लागला.

संविधान काय सांगते?

इंग्लंडमध्ये जे बहुतांशी प्रथेवर चालते, ते भारताने कलमांत लिहून ठेवले. कलम 74 नुसार राष्ट्रपतींना सल्ला देण्यासाठी पंतप्रधानांच्या नेतृत्वाखाली मंत्रिपरिषद असते. 1976 च्या 42 व्या घटनादुरुस्तीने हा सल्ला राष्ट्रपतींवर बंधनकारक असल्याचे स्पष्ट लिहिले गेले. 1978 च्या 44 व्या दुरुस्तीने तो एकदा फेरविचारासाठी परत पाठवण्याची मुभा राष्ट्रपतींना दिली.

कलम 75 नुसार राष्ट्रपती पंतप्रधानांची नेमणूक करतात आणि इतर मंत्र्यांची नेमणूक पंतप्रधानांच्या सल्ल्याने करतात. मंत्रिपरिषद सामूहिकपणे लोकसभेला जबाबदार असते. येथे राष्ट्रपती किंवा पक्षाध्यक्ष असा शब्द नाही, लोकसभा असा आहे. संसदेचा सदस्य नसलेली व्यक्तीही पंतप्रधान होऊ शकते, पण सहा महिन्यांच्या आत तिला कोणत्याही एका सभागृहात निवडून यावे लागते. 1991 मध्ये पी. व्ही. नरसिंह राव आणि 1996 मध्ये एच. डी. देवेगौडा यांनी शपथ घेतली तेव्हा ते खासदार नव्हते. 2003 च्या 91 व्या दुरुस्तीने मंत्र्यांच्या संख्येवर मर्यादा आली. पंतप्रधान धरून मंत्री लोकसभेच्या सदस्यसंख्येच्या 15 टक्क्यांपेक्षा जास्त असू शकत नाहीत. 543 जागांच्या सभागृहात ही मर्यादा 81 होते.

कलम 78 नुसार मंत्रिपरिषदेचे निर्णय राष्ट्रपतींना कळवणे आणि त्यांनी मागितलेली माहिती पुरवणे हे पंतप्रधानांचे कर्तव्य आहे.

बाबासाहेबांची दुहेरी भूमिका

4 नोव्हेंबर 1948 रोजी संविधानाचा मसुदा मांडताना बाबासाहेबांनी अमेरिकेची अध्यक्षीय पद्धत आणि इंग्लंडची संसदीय पद्धत यांची तुलना केली. अमेरिकन पद्धतीत स्थैर्य अधिक, तर संसदीय पद्धतीत उत्तरदायित्व अधिक, असे त्यांनी दाखवून दिले. अध्यक्षीय पद्धतीत सरकारची परीक्षा ठरावीक काळाने होते. संसदीय पद्धतीत ती निवडणुकीत तर होतेच, शिवाय प्रश्न, ठराव, तहकुबी सूचना आणि अविश्वास ठराव यांच्या रूपाने रोजही होते. मसुद्याने स्थैर्यापेक्षा उत्तरदायित्वाला झुकते माप दिले.

त्याच वर्षी 30 डिसेंबरला त्यांनी दुसरी बाजू मांडली. कमानीच्या मध्यावर बसवलेला दगड निघाला तर कमान कोसळते. मंत्रिमंडळात पंतप्रधानांचे स्थान तसे आहे, असे त्यांनी सांगितले. मंत्री नेमण्याचा आणि काढण्याचा अधिकार पंतप्रधानांकडे नसेल तर सामूहिक जबाबदारी प्रत्यक्षात येणार नाही, हे त्यांचे म्हणणे होते.

ही दोन्ही भाषणे एकत्र वाचली पाहिजेत. बाबासाहेबांना दुबळा पंतप्रधान नको होता. पण त्याला बळ द्यायचे ते सरकारला एकजुटीने उत्तर देता यावे म्हणून. अधिकार आणि प्रश्न ही एकाच पदाची दोन अंगे आहेत. यातले दुसरे अंग गळाले की उरते ती पेशवाई. 25 नोव्हेंबर 1949 च्या भाषणात त्यांनी राजकारणातील भक्तीविषयी दिलेला इशारा याच धोक्याविषयी होता.

मंत्रिमंडळातून आलेला अनुभव

पंतप्रधान आणि मंत्रिमंडळ यांचे नाते कागदावर एक आणि व्यवहारात वेगळे असू शकते, हे बाबासाहेबांनी स्वतः अनुभवले. 27 सप्टेंबर 1951 रोजी त्यांनी कायदामंत्रिपदाचा राजीनामा दिला. संसदेत निवेदन करू न दिल्याने 10 ऑक्टोबरला त्यांनी ते सभागृहाबाहेर प्रसिद्धीस दिले. हिंदू कोड बिल रखडणे हे त्यातले मोठे कारण होते. अनुसूचित जातींच्या प्रश्नांची उपेक्षा आणि परराष्ट्र धोरण ही कारणेही त्यात होती. शिवाय निर्णय समित्यांमध्ये आधीच होतात आणि मंत्रिमंडळ त्यांची फक्त नोंद करते, अशी त्यांची तक्रार होती.

पंडित नेहरूंचा हिंदू कोड बिलाला पाठिंबा होता, पण पक्षातल्या विरोधापुढे त्यांनी तेव्हा ते रेटले नाही. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीनंतर, 1955 आणि 1956 मध्ये, त्यातील विषय चार स्वतंत्र कायद्यांच्या रूपाने मंजूर झाले. पंतप्रधान तेच होते. त्यांनी आपले वजन खर्ची घातले तेव्हा कायदा झाला.

पदाची वाटचाल

1963 मध्ये आचार्य कृपलानी यांनी नेहरू सरकारविरुद्ध लोकसभेतील पहिला अविश्वास ठराव मांडला. तो फेटाळला गेला, पण सर्वांत लोकप्रिय पंतप्रधानालाही उभे राहून उत्तर द्यावे लागले.

25 जून 1975 च्या रात्री आणीबाणी जाहीर झाली. राष्ट्रपतींची सही पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या शिफारशीवर झाली आणि मंत्रिमंडळाला दुसऱ्या दिवशी सकाळी सांगण्यात आले. यातून धडा घेऊन 44 व्या दुरुस्तीने मंत्रिमंडळाचा लेखी निर्णय असल्याशिवाय राष्ट्रीय आणीबाणी लावता येणार नाही, अशी तरतूद केली. एकट्या पंतप्रधानाचा शब्द पुरेसा नाही, हे संविधानात असे लिहिले गेले.

जुलै 1979 मध्ये यशवंतराव चव्हाण यांनी अविश्वास ठराव आणला आणि मतदानाआधीच मोरारजी देसाई यांनी राजीनामा दिला. त्यांच्यानंतर आलेले चरणसिंग लोकसभेला सामोरे न जाताच पायउतार झाले. नोव्हेंबर 1990 मध्ये विश्वासमत गमावणारे व्ही. पी. सिंग हे पहिले पंतप्रधान ठरले. 17 एप्रिल 1999 रोजी अटलबिहारी वाजपेयी यांचे सरकार 269 विरुद्ध 270, म्हणजे एका मताने पडले. सरकारे पडली म्हणून देश पडला नाही. बाबासाहेबांनी सांगितलेली रोजची परीक्षा ती हीच.

अकरा महिन्यांचे सरकार, कायमचा कायदा

आपल्या समाजासाठी सर्वांत बोलका दाखला 1990 चा आहे. 14 ऑक्टोबर 1956 च्या धम्मदीक्षेनंतर बौद्ध झालेल्यांना केंद्राच्या अनुसूचित जातींच्या सवलती मिळत नव्हत्या. महाराष्ट्रात राज्य पातळीवर नवबौद्धांना सवलती होत्या, पण केंद्राच्या आदेशात बौद्धांचा समावेश नव्हता. सर्व पक्षांचे पंतप्रधान आले आणि गेले. चौतीस वर्षे मोर्चे निघाले, निवेदने गेली. शेवटी व्ही. पी. सिंग यांच्या काळात संसदेने कायदा करून 1950 च्या आदेशात बौद्धांचा समावेश केला.

ते सरकार जेमतेम अकरा महिने टिकले. पंतप्रधान गेले, कायदा राहिला. या कामाबद्दल व्ही. पी. सिंग यांचे नाव आदराने घ्यायलाच हवे. पण हा हक्क त्यांची मेहेरबानी म्हणून मिळाला असता, तर सरकारबरोबरच गेला असता. लढ्याने मागणी जिवंत ठेवली, पंतप्रधानांनी इच्छाशक्ती दाखवली आणि संसदेने कायदा केला. हा क्रम आपण विसरू नये.

संघाची परंपरा

मगधाचा राजा अजातशत्रू याने वज्जींवर स्वारी करण्याआधी आपला महामात्य वस्सकार याला तथागतांकडे पाठवल्याचे महापरिनिब्बान सुत्तात आले आहे. तथागतांनी आनंदांना विचारले, वज्जी वारंवार सभा भरवतात का, एकोप्याने जमतात का? तसे ते करतात तोवर त्यांची भरभराटच होईल, असे उत्तर वस्सकाराला मिळाले. एका राजाला बांधील असलेला महामात्य आणि सभेत बसून निर्णय घेणारे गण, हे दोन मार्ग तेव्हाही समोर होते. भिक्खू संघात ठराव मांडण्यासाठी ज्ञप्ती होती, मतदानासाठी शलाका होत्या, गणसंख्या पाहणारा गणपूरक होता. 25 नोव्हेंबर 1949 च्या भाषणात बाबासाहेबांनी संघाच्या याच कार्यपद्धतीचा दाखला दिला. तथागतांनी आपल्या मागे कोणी वारस नेमला नाही. धम्म आणि विनय हेच शास्ता असतील, असे सांगितले.

आज काय पाहायचे?

22 डिसेंबर 1952 रोजी पुण्यात वकिलांसमोर बोलताना बाबासाहेबांनी लोकशाही यशस्वी होण्याच्या अटी सांगितल्या. त्यांत विरोधी पक्षाची गरज त्यांनी ठासून मांडली. आपल्याकडे विरोधी पक्षनेत्याच्या पगाराचा कायदा 1977 मध्ये झाला, तरी 2014 ते 2024 या दहा वर्षांत लोकसभेत अधिकृत विरोधी पक्षनेता नव्हता.

म्हणून पंतप्रधान कोणत्याही पक्षाचे असोत, आपण काही गोष्टी तपासाव्यात. संसद किती दिवस चालली? पंतप्रधानांनी सभागृहात कोणत्या प्रश्नांना उत्तरे दिली? विधेयकांवर चर्चा झाली की गोंधळात ती मंजूर झाली? आपल्या खासदाराने आपल्या प्रश्नावर तोंड उघडले का? "पंतप्रधानांनी काय दिले?" यापेक्षा "पंतप्रधानांनी कशाचे उत्तर दिले?" हा प्रश्न विहारात, वस्तीत आणि मतदानाला जाताना विचारला गेला पाहिजे. तो विचारण्याचा अधिकार आपल्याला संविधानाने दिला आहे.

जय भीम! नमो बुद्धाय!