सेनापतीचे चरित्र आणि लाकडाची साक्ष

ज्याचे स्वतंत्र समकालीन चरित्र आज उपलब्ध आहे असा विरळा रोमन सेनापती म्हणजे ग्नेयस युलियस अग्रिकोला (इ.स. ४०–९३), ब्रिटनचा प्रांताधिपती. चरित्रकार टॅसिटस हा रोमचा थोर इतिहासकार; परंतु तो अग्रिकोलाचा जावईही होता. इ.स. ९८च्या सुमारास लिहिलेल्या या ग्रंथात सासऱ्याविषयीचा आदर पानोपानी जाणवतो.

या एका ग्रंथाचा प्रभाव इतका की, उत्तर ब्रिटनमध्ये पहिल्या शतकातील रोमन किल्ला सापडला की तो बहुधा अग्रिकोलाच्याच नावावर जमा होई. मग तेच किल्ले ग्रंथाच्या सत्यतेचा पुरावा ठरत. हा तर्कदोष उघड केला तो लाकडाने.

कार्लाइल येथील रोमन किल्ल्याची लाकडे ओलसर, प्राणवायूविरहित मातीत टिकून राहिली. झाडाच्या खोडात दरवर्षी एक वर्तुळ वाढते. हवामान अनुकूल असेल तर रुंद, प्रतिकूल असेल तर अरुंद. हा क्रम ज्ञात कालक्रमाशी जुळवला आणि सालीलगतचे अखेरचे वर्तुळ शाबूत असले, की झाड कोणत्या हंगामात तोडले हेही कळते. कार्लाइलची झाडे इ.स. ७२–७३च्या हिवाळ्यात तोडलेली निघाली. अग्रिकोला प्रांताधिपती झाला तो इ.स. ७७च्या सुमारास. म्हणजे हा किल्ला त्याचा पूर्वसूरी पेटिलियस केरियालिस याच्या कारकिर्दीतला. अग्रिकोला त्या काळात त्याच्या हाताखाली एका लीजनचा नायक होता.

याचा अर्थ टॅसिटस खोटा, असा नव्हे. चेस्टर येथे सापडलेल्या शिशाच्या जलवाहिनीवर अग्रिकोलाचे नाव व पद कोरलेले आहे आणि त्यावरील उल्लेखांवरून इ.स. ७९ हे वर्ष निश्चित होते. हे स्वतंत्र, अस्सल साधन होय. मॉन्स ग्राउपियसच्या लढाईचे मात्र तसे नाही. तेथे दहा हजार कॅलेडोनियन आणि केवळ ३६० रोमन पडले, असे टॅसिटस सांगतो. पण ते रणक्षेत्र अद्याप निश्चित झालेले नाही. शत्रुनायक कॅल्गाकसच्या तोंडचे प्रसिद्ध भाषणही टॅसिटसचीच रचना मानले जाते. पराभूतांनी स्वतःचे काहीच लिहून ठेवलेले नाही.

म्हणून साधन हाती येताच तीन प्रश्न विचारावेत: कोणी लिहिले, केव्हा लिहिले आणि लिहिणाऱ्याचा नायकाशी संबंध काय? त्यानंतर चौथा, अधिक कष्टाचा प्रश्न येतो: त्या लेखणीवर अवलंबून नसलेला पुरावा कोठे आहे? कार्लाइलमध्ये तो जमिनीखालच्या लाकडात होता.