कुलुपांतील चित्र आणि किल्लीचा धनी

वाशीम जिल्ह्यांतील कारंजा हें गांव जैनांच्या जुन्या ग्रंथभांडारांसाठीं प्रसिद्ध आहे. सेनगण व बलात्कारगण यांच्या भट्टारकांच्या गाद्या येथें होत्या आणि पिढ्यान् पिढ्या उतरवून घेतलेल्या पोथ्या त्यांच्या मंदिरांत जपून ठेविल्या होत्या. पोथी पेटींत, पेटी भांडारांत आणि किल्ली भांडार सांभाळणाऱ्यांच्या हातीं, अशी ती व्यवस्था. आज त्याच कारंज्यांत एखादा विद्यार्थी पैसे भरून मोबाइलवर चित्रपट पाहतो, तेव्हां त्याच्या हातांतील यंत्रांतही अशीच एक कुलूपबंद पेटी असते. ती त्याला दिसत मात्र नाहीं. हीं दोन कुलुपें शेजारीं शेजारीं ठेवून पाहिलीं म्हणजे नव्याचा अर्थ अधिक स्पष्ट होतो.

चित्रपट केवळ पडद्यावर दाखविला जाई तोंवर त्याच्या रक्षणाचा प्रश्न सोपा होता. रिळें मालकाच्या ताब्यांत असत आणि प्रेक्षक तिकीट काढून आंत येई. चित्र इंटरनेटवरून घरोघर जाऊं लागलें तेव्हां अडचण अशी आली कीं, ज्याला तें दाखवावयाचें त्याच्याच यंत्रांत तें प्रथम पोंचवावें लागतें. आणि एकदां पोंचलेल्या चित्राची नक्कल दुसऱ्यास देण्यास कांहींच कष्ट पडत नाहींत. यावर तोडगा म्हणून चित्र कूटबद्ध करून, म्हणजे किल्लीवांचून अर्थहीन भासेल अशा रूपांत, पाठविण्याची रीत पडली. मोबाइल दूरच्या सर्व्हरकडे परवाना मागतो. खात्री पटली कीं सर्व्हर किल्ली धाडतो. आणि मोबाइलांतील एक बंदिस्त विभाग त्या किल्लीनें चित्र उलगडून पडद्यावर सोडतो. किल्ली मोबाइलच्या मालकाच्या हातीं कधींच पडत नाहीं. अशा चित्राचा स्क्रीनशॉट घेऊं गेल्यास पुष्कळदां नुसती काळी चौकट उमटते, ती याच बंदोबस्तामुळें.

आरंभीं हें काम ब्राउझर स्वतः करीत नसे. फ्लॅश, सिल्व्हरलाइट असलीं परकीं उपकरणें त्याला जोडावीं लागत. २००७ सालीं आयफोन निघाला, त्यांत फ्लॅशला थारा नव्हता. आणि नोव्हेंबर २०११ मध्यें खुद्द अडोबी कंपनीनेंच मोबाइल ब्राउझरसाठीं फ्लॅशची पुढील वाढ थांबवीत असल्याचें जाहीर केलें. मग मोबाइलच्या ब्राउझरमध्यें कुलुपांतील चित्र दाखवावें कसें? २०१२ च्या आरंभीं गूगल, मायक्रोसॉफ्ट व नेटफ्लिक्स यांच्या तज्ज्ञांनीं एक मसुदा पुढें मांडला. ‘एन्क्रिप्टेड मीडिया एक्स्टेन्शन्स’ हें त्याचें नांव. ब्राउझरनें कुलुपाशीं कोणत्या भाषेंत बोलावें एवढेंच त्यांत ठरविलें होतें. कुलुपाची घडण मात्र ज्याची त्याच्यापाशीं गुप्त राहिली. अँड्रॉइडवर गूगलचें वाइडवाइन, ॲपलच्या यंत्रांवर फेअरप्ले आणि मायक्रोसॉफ्टचें प्लेरेडी, हीं अशा कुलुपांपैकीं प्रमुख होत.

वेबचे दंडक ठरविणाऱ्या डब्ल्यू-थ्री-सी या संस्थेंत या मसुद्यावर अनेक वर्षें वाद झाला. फायरफॉक्स निर्माण करणारी मोझिला ही मोकळ्या वेबची कैवारी. परंतु इतर ब्राउझरांत चित्रपट दिसावे आणि आपल्यांत दिसूं नयेत, असें झाल्यास वापरणारे निघून जातील, हें ओळखून मे २०१४ मध्यें तिनेंही नाइलाजानें मान तुकविली. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनीं २०१७ सालीं मसुद्यास मान्यता दिली. इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन ही नागरी हक्कांची संस्था विरोधांत उभी होती. सुरक्षिततेचे संशोधक किंवा अंध-बधिरांसाठीं सोयी करणारे यांनीं न्याय्य कामासाठीं कुलूप उघडलें, तर त्यांच्यावर खटले भरूं नयेत, एवढें वचन तिनें मागितलें. तें मिळालें नाहीं. प्रकरण सभासदांच्या मतास गेलें. १०८ मतें मसुद्याच्या बाजूनें व ५७ विरुद्ध पडलीं. २० सभासद तटस्थ राहिले. १८ सप्टेंबर २०१७ रोजीं मसुदा वेबचा अधिकृत दंडक झाला आणि त्याच दिवशीं फाउंडेशननें डब्ल्यू-थ्री-सीच्या सभासदत्वाचा राजीनामा दिला.

इतक्या दूरच्या या वादाचा परिणाम कारंज्याच्या विद्यार्थ्यापर्यंत येऊन पोंचतो. वाइडवाइनच्या पायऱ्या आहेत. वरच्या पायरीचा मोबाइल प्रोसेसरच्या सुरक्षित भागांत चित्र उलगडतो. खालच्या पायरीवरचा तेंच काम साध्या सॉफ्टवेअरनें करतो. खालच्या पायरीवरील यंत्रास अनेक सेवा उच्च दर्जाचें चित्र देत नाहींत. वर्गणी सारखीच भरावी आणि चित्र पुसट पाहावें, असा प्रसंग त्यामुळें येतो. नवा ब्राउझर निर्माण करूं पाहणारासही कुलुपाच्या धन्याकडे परवानगीसाठीं जावें लागतें. तथापि निर्मात्याची बाजूही खरी आहे. ज्यानें कर्ज काढून चित्रपट उभा केला, त्याचें काम पहिल्याच आठवड्यांत फुकट वाटलें जावें हा न्याय नव्हे. कुलूप असावें कीं नसावें हा खरा प्रश्न नसून तें केव्हां व कोणीं उघडावें, हा आहे.

येथें कारंज्याचा इतिहास उपयोगी पडतो. रायबहादुर हिरालाल यांनीं मध्यप्रांत व वऱ्हाडांतील संस्कृत-प्राकृत पोथ्यांची सूची १९२६ सालीं प्रसिद्ध केली, तींत कारंज्याच्या भांडारांचें वैभव जगापुढें आलें. १९३१ सालीं डॉ. प. ल. वैद्य यांनीं पुष्पदंताचें ‘जसहरचरिउ’ कारंजा जैन ग्रंथमालेंत संपादिलें; १९३३ सालीं प्रा. हिरालाल जैन यांनीं त्याच कवीचें ‘णायकुमारचरिउ’ बाहेर आणलें. दहाव्या शतकांतील अपभ्रंश काव्य अशा रीतीनें अभ्यासकांच्या हातीं आलें.

याहून बोधप्रद कथा धवला टीकेची आहे. हजाराहून अधिक वर्षांपूर्वींच्या या ग्रंथाच्या ताडपत्री प्रती कर्नाटकांतील मूडबिद्री येथें होत्या. त्यांचें दर्शन घडे, वाचन घडत नसे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्यांची नक्कल करण्यास प्रारंभ झाला, पण नक्कल बाहेर जाऊं द्यावयाची नाहीं असा निर्बंध होता. नकलेच्या कामावरील एका पंडितानें गुप्तपणें दुसरी प्रत उतरविली. ती बाहेर गेली, तिच्याही नकला झाल्या आणि एक कारंज्यास आली. १९३९ ते १९५९ या काळांत हिरालाल जैन यांनीं षट्खंडागम धवलेसह सोळा खंडांत प्रकाशांत आणलें, त्यांत कारंज्याच्या प्रतीचाही उपयोग झाला. पुढें मूडबिद्रीकरांनींही मूळ प्रतींशीं पाठ ताडून पाहण्यास साहाय्य केलें. कुलुपानें ग्रंथ शतकानुशतकें राखला, हें त्याचें श्रेय; परंतु तो वाचला गेला तो नकलेमुळें.

चित्रपटांच्या बाबतींत ही शिकवण विसरून चालणार नाहीं. दादासाहेब फाळके यांचा १९१३ सालचा ‘राजा हरिश्चंद्र’ आज अपुराच शिल्लक आहे, आणि मूकपटांच्या काळांतील बहुतेक चित्रपट पूर्णपणें नाहींसे झाले आहेत. भारतीय कायद्यानें चित्रपटाचा हक्क प्रकाशनानंतर साठ वर्षें राखला आहे. त्यापुढें तो सर्वांचा होतो. हक्कभंगाच्या हेतूनें कुलूप फोडणारास २०१२ च्या दुरुस्तीनें दोन वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे. कायद्याच्या हक्काला मुदत आहे. यंत्राच्या कुलुपाला नाहीं. किल्ली देणारा सर्व्हर बंद पडला, तर साठ वर्षांनंतर तो चित्रपट सर्वांचा होऊनही कोणाला दिसणार नाहीं.

यावर उपाय अवघड नाहीं. प्रत्येक चित्रपटाची एक बिनकुलुपी प्रत, पुण्यास १९६४ सालीं स्थापन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयासारख्या सार्वजनिक ठिकाणीं ठेवली जावी आणि मुदत सरतांच ती खुली व्हावी. निर्मात्याची कमाई तींत बुडत नाहीं. कारंज्याच्या भांडारांचीं दारें उघडलीं तेव्हां पोथ्यांचे धनी निर्धन झाले नाहींत. उलट त्या पोथ्यांमुळेंच कारंज्याचें नांव विद्वानांच्या तोंडीं राहिलें.